बंद टोक

रक्ताची नाती प्रत्यक्ष परमेश्वरालाही तोडता येत नाहीत, असं थोर माणसं सांगत आली आहेत. परमेश्वराचं माहीत नाही. ताईने ते काम अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने, पट्टी लावून केलं होतं आणि ते तिला कळायला रविवारची दुपार यावी लागली.

जेवणाच्या टेबलावर ताईने काढलेला वंशावळीचा कागद पसरला होता. सगळं घराणं, खापरपणजोबांपासून खाली. कोपऱ्यांवर चहाचे रिकामे कप ठेवले होते. नातेवाईक पूर्वजांचं दर्शन घ्यायला म्हणून वाकले आणि प्रत्येकाने आधी स्वतःचं नाव शोधलं. ताईच्या धाकट्या भावाच्या बायकोलाही तिचं सापडलं. नवऱ्याच्या नावाशेजारी होतं, आणि त्या दोघांखाली एक छोटी, जाड, आडवी रेघ.

"ताई, ही रेघ कसली हो? आमच्याच खाली?"

ताईने तोंड उघडायच्या आत काकांनी उघडलं. ते त्यांचं नेहमीचंच.

"अगं, ते बंद टोक! हिच्या ऑफिसात नळाच्या नकाशात असतं ना, तसं. म्हणजे इथून पुढे पाणी नाही!"

आणि ते हसले. एकटेच.

ताईची उभी हयात पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात गेली होती. तिथे नळ संपला की टोक बंद दाखवायचं, हा धर्म. उघडं सोडलं तर कोणीतरी पुढचा नळ शोधत चांगला रस्ता खणून ठेवतो. ज्यांना मूल नाही त्यांच्याखाली ताईने त्याच निष्ठेने रेघ मारली होती. त्या रेघेखाली एका बाईची इतक्या वर्षांची औषधं, तपासण्या आणि उशीत दाबलेले हुंदके आहेत, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं...

भावजयीने पर्स उचलली. धाकटा दारात थांबला.

"ताई, परक्या कोणी केलं असतं तर मी समजू शकलो असतो. पण तू?"

दार लागलं. काका म्हणाले, "हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही."

त्यानंतर धाकट्याने फोन उचलणं बंद केलं. ताईच्या काळजाचं पाणीपाणी झालं! आई गेली तेव्हा धाकटा दुसरीत होता आणि वडील सदा फिरतीवर. ताईने त्याला न्हाऊमाखू घातलं, पाढे म्हणवून घेतले, त्याच्या तापात उशाशी बसून राहिली. एक चांगलं स्थळ आलं होतं. भावाला वसतिगृहात ठेवा, एवढीच त्यांची अट होती. ताईने स्थळाला नकार दिला. या त्यागाची आठवण तिने कधीही कोणाला करून दिली नाही... ते काम काका प्रत्येक लग्नकार्यात करत.

आता तो धाकटाच गेला, तर मागे उरणार काय? एक वंशावळ, तीही बिनचूक! बिनचूक होती, हीच तर अडचण. खोडायचं म्हणजे नकाशात खोटं लिहायचं, आणि जन्मात कधी तिने उघडं टोक सोडलं नव्हतं. आठवडाभर ती तत्त्वाशी भांडली. शेवटी तत्त्व हरलं. तिने भावजयीला निरोप पाठवला: 'रेघ काढते. समोर येऊन बघा.'

दोघं आले. धाकटा खिडकीबाहेर बघत उभा राहिला. भावजय टेबलाशी बसली, पाहुण्यांसारखी, खुर्चीच्या कडेवर.

"या कागदावरची शाई रबराने जात नाही," ताई म्हणाली. "ब्लेडने खरवडावी लागते. हलक्या हाताने." आणि ती खरवडू लागली.

भावजय बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या नावाखाली...?"

"आहे की. सगळ्यात आधी तीच मारली." ताईने मान वर केली नाही. "तिथूनच सुरुवात केली. हात बसावा म्हणून."

खिडकीपाशी धाकट्याचे खांदे हलले.

"ताई... माझ्यामुळे गं! माझ्यामुळे तुझं..."

"उगाच मोठेपणा घेऊ नकोस. त्या माणसाला तेव्हाच टक्कल होतं."

भावजय रडता रडता हसली आणि तिने ताईच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. "असू द्या, ताई. तुमची आहे, तर आमचीही असू दे."

"अर्धी गेलीय. आता तशी बरी दिसणार नाही."

धाकटा टेबलाशी आला. ताईच्या नावावर बोट ठेवून त्याने ते स्वतःच्या नावापर्यंत आणलं.

"इथून इथे रेघ ओढ."

"वेडा आहेस का? बहीण-भाऊ एका ओळीत असतात. शेजारून शेजारी पाणी सोडत नाहीत रे."

"मला वाढवलं कोणी?"

"म्हणून काय नकाशा—"

"ओढ म्हणतो ना!"

आणि पेन हातात धरणाऱ्या त्या बाईने आयुष्यात प्रथमच पट्टी बाजूला सारली! नुसत्या हाताने तिने रेघ ओढली. ताईच्या नावाखालचं टोक फोडून ती वाकडीतिकडी धाकट्यापर्यंत गेली. तिघांच्याही डोळ्यांना धारा लागल्या. भावजयीने कागदावर ठिपका पडू नये म्हणून पदराची कड मधे धरली, कारण शाई ओली होती.

काकांनी मात्र त्या रविवारीच वंशावळीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. बऱ्याच जणांनी त्याच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आहेत. त्यात दोन्ही टोकं बंद आहेत.