एका रेषेतले सहा स्क्रू

मुरुडच्या पोलीस चौकीत धड म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे दार. खुर्ची डुगडुगायची, कपाट लागायचं नाही, पण दार गेल्या वर्षी कोंडाजी सुतारानं बसवलं होतं आणि ते एकदाही कुरकुरलं नव्हतं. बिजागरीच्या स्क्रूंच्या खाचासुद्धा सगळ्या सरळ उभ्या, कवायतीला उभ्या राहिलेल्या शिपायांसारख्या. सन सहासष्टच्या मे महिन्यातल्या त्या शनिवारी हवालदार दिनानाथ वैतागून त्या दाराकडे बघत बसला होता. फौजदारसाहेब अलिबागला गेले होते आणि सगळी चौकी त्याच्या गळ्यात बांधून गेले होते. तेवढ्यात त्याच दारातून कोंडाजीचा मुलगा सदा आत आला.

"चोरी झाली," सदा म्हणाला.

"काय गेलं?"

"आवाज गेला."

दिनानाथनं पेन खाली ठेवलं. आवाज चोरीला गेल्याची फिर्याद कोणत्या रकान्यात लिहायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

सदाकडून हकीकत काढता काढता चहा गार झाला. त्यानं दोन वर्षं खपून एक वाद्य केलं होतं. नाव बास गिटार. चार जाड तारा, आवाज ढोलकीच्या धुमेसारखा, म्हणजे तिच्या जाड पुडीसारखा, खोल, पण विजेवर चालणारा. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रात त्यानं असं वाद्य बघितलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. विलायती वाद्य घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून घरीच घडवलं. अंग फणसाचं, मान सागवानाची, पडदे सायकलच्या आऱ्यांचे, तारा मुंबईच्या बाजारातून आणलेल्या मोडक्या पियानोच्या. सुतारकाम बापाचं, विजेचं काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रतनचं. खुंट्या तर चारदा बदलल्या. जाड तार ताणली की खुंटी गर्रकन उलटी फिरायची आणि सदा रडकुंडीला यायचा.

आता उद्या दुपारी बाराच्या एसटीनं ऑर्केस्ट्राचे काळूराममास्तर मुद्दाम मुरुडला यायचे होते. एकदा ऐकणार आणि दोनच्या गाडीनं परत जाणार. पसंत पडलं तर सदाला जागा, नाही तर मुंबईतला दुसरा वादक तयारच होता. आणि आज सकाळपासून वाद्य मुकं झालं होतं.

"बिघडलं असेल," दिनानाथ म्हणाला.

"बिघडला न्हाय साहेब. कोनीतरी बिघडवलाय."

कोंडाजीची वाडी समुद्राला लागून होती. माडांखाली नारळाच्या विणलेल्या झापांची खोपी, तिच्यात वाद्य, आणि खोपीसमोर टेकूवर उभी केलेली, कोंडाजी बांधत असलेली अर्धी होडी. रतन आधीच येऊन बसला होता. त्याचा अॅम्प्लिफायर मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. त्यानं त्याला रेडिओ जोडला, तर रेडिओ खणखणीत बोलला. गिटार जोडलं, तर नुसती घरघर. म्हणजे दोष गिटारातच होता.

तारांच्या खाली एक पत्र्याची डबी बसवलेली होती. रतननं सांगितलं की हिच्यात लोहचुंबक असतं आणि भोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकामुळं वेढ्यांत वीज उठते. तीच आवाज होऊन बाहेर येते.

दिनानाथनं डबी निरखली. झाकणावर सहा स्क्रू, सहांच्याही खाचा एका रेषेत, पत्र्यावर एक ओरखडा नाही. घाईघाईत कुणी खोललं असतं तर असं नीटनेटकं राहिलं नसतं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं आणि तो स्वतःवर खूश झाला.

"खोल," तो म्हणाला.

रतननं झाकण काढलं. वेढे जागच्या जागी होते. मधलं चुंबक मात्र नव्हतं. काडेपेटीएवढी, कोपऱ्यावर टवका उडालेली ती वस्तू कुणीतरी अलगद काढून नेली होती.

सदानं फळीवर, जमिनीवर शोधून बघितलं. असलं चुंबक मुंबईलासुद्धा शोधावं लागतं आणि हातात एक दिवस होता. दिनानाथच्या खुशीचं पाणी झालं. रतननं झाकण परत लावलं, पण कसं, तर एक स्क्रू इकडे तोंड करून आणि दुसरा तिकडे. दिनानाथला ते बघूनही चीड आली. आज सगळ्याचीच चीड येत होती.

त्यानं चौकशी सुरू केली. गुरुवारी संध्याकाळी रतननं जुने वेढे काढून नवे बसवले, त्याच रात्री सदानं तासभर वाजवलं, आवाज उत्तम होता. शुक्रवारी सदा दिवसभर अलिबागला, केस कापून घ्यायला आणि नवा सदरा आणायला. शनिवारी सकाळी तार छेडली तर ही कथा. म्हणजे जे झालं ते शुक्रवारी झालं.

"शुक्रवारी तू आला होतास का इथं?" त्यानं रतनला विचारलं.

"नाही."

होडीला खिळे ठोकत असलेल्या कोंडाजीला त्यानं तेच विचारलं. खोपीत कोण आलं, कोण गेलं?

"मी कामात व्हतो. माझा ध्यान नव्हता," कोंडाजी मान वर न करता म्हणाला. त्यानं डब्यात हात घालून खिळे घेतले. नवे खिळे, पण चार-पाच एकदमच आले. त्यानं हात झटकला तरी ते सुटेनात. मग एकेक ओढून वेगळा करावा लागला.

"खिळ्यांना काय झालं?"

"खारी हवा. गंजून चिकटतात मेले."

दिनानाथला खिळ्यांशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला चोर पाहिजे होता.

सदानं चुलतभावाचं नाव घेतलं. अनंताची लग्नात वाजवणारी बेंजो पार्टी होती आणि सदा तिच्यात वाजवायचा. सदा गेला तर लग्नसराईत पार्टी लंगडी पडणार, म्हणून महिनाभर धुसफूस चालली होती. दिनानाथ उन्हातून अनंताच्या घरी गेला. अनंतानं राग लपवला नाही. तो म्हणाला, सदा निघाला याचं मला वाईट वाटतं आणि ते मी चारचौघांत बोललो आहे. पण शुक्रवारी अनंता स्वतः सकाळपासून नांदगावला एका हळदीत वाजवत होता आणि अर्धं नांदगाव साक्षीला होतं. दिनानाथ निघताना त्यानं एवढंच सांगितलं की गुरुवारी रात्री तो पार्टीचं सामान न्यायला रतनच्या दुकानात गेला तेव्हा रतन म्हणाला होता, तारा जोडायला डाग द्यायची इस्त्री खोपीत राहिली आहे, ती शुक्रवारी आणणार आहे.

दिनानाथ घाम पुसत रतनच्या दुकानात पोहोचला.

"शुक्रवारी गेला होतास. खोटं का बोललास?"

रतनचा चेहरा उतरला. "दोन मिनिटं गेलो होतो, इस्त्री आणायला. चुंबक माझ्याच दुकानातलं. ते खोलता येतं मला. तुम्ही मलाच धरणार, म्हणून भ्यालो."

"आता तर धरणारच."

दुकान उलटंपालटं केलं. उघडे रेडिओ, अर्धवट लावलेली झाकणं, कुठलाच स्क्रू सरळ म्हणून नाही. चार चुंबकं निघाली. चारही गोल आणि एकावरही तो टवका नाही. तरी दिनानाथनं रतनला चौकीत नेऊन बसवलं, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. रतन बिचारा एकच वाक्य बोलला, "मीच बनवलेला आवाज मी कशाला मारू?"

रविवारी दहा वाजता त्यानं चौकीचं दार उघडलं. दार मुकाट उघडलं. बिजागरीवर नजर गेली आणि तो तसाच उंबऱ्यावर उभा राहिला. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"रतन, ऊठ. चल."

अकराच्या सुमाराला खोपीत चौघं जमले. सदा, रतन, बोलावून आणलेला अनंता, आणि हातोडी घेऊन दारात उभा कोंडाजी.

"रतन," दिनानाथ म्हणाला, "गुरुवारी झाकण कुणी लावलं?"

"मी."

"स्क्रू सरळ लावलेस?"

"म्हणजे? घट्ट बसले की झालं."

"हेच ते. काल मी सरळ खाचा बघितल्या आणि समजलो की डबी कुणी उघडली नाही. मूर्ख मी. रतननं लावलेलं झाकण असं दिसतच नाही. त्याच्या दुकानात बघा, नाही तर कालच त्यानं लावलेलं हे झाकण बघा. म्हणजे गुरुवारनंतर डबी दुसऱ्याच कुणीतरी उघडली, आणि परत लावताना त्याच्या हातानं आपल्या सवयीनं खाचा एका रेषेत आणल्या. अशा खाचा मुरुडात मी आणखी एकाच ठिकाणी रोज बघतो. चौकीच्या दारावर."

सदानं सावकाश बापाकडे बघितलं.

"आणि खिळे गंजून चिकटले नव्हते," दिनानाथ पुढं म्हणाला. "नव्या खिळ्यांना गंज कसला? कोंडाजी, खिळ्यांचा डबा ओत."

कोंडाजीनं डबा ओतला नाही. त्यानं तळाशी हात घातला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. त्याला खिळ्यांचा घोस लटकला होता. होडीचं लोखंड खाऱ्या हवेपासून जपायला गुंडाळतात, तसंच त्यानं ते गुंडाळलं होतं. फडकं खारी हवा अडवतं तशी चुंबकाची ओढही अडवेल, असा त्याचा हिशेब. फडकं सोडलं तर टवका उडालेला कोपरा दिसला.

"आबा, का?" सदानं विचारलं.

कोंडाजीनं चुंबकाला चिकटलेले खिळे एकेक करून काढले.

"ह्या वाद्याची मान मी तीनदा केली," तो म्हणाला. "एक वाकली, एक चिरली. मना वाटला, पोरगा घरी बसून वाजवल. मंग मास्तराचा पत्र आला. तवा समजला, मी वाद्य न्हाय, होडीच बांधीत व्हतो. ती काय किनाऱ्यावर ऱ्हानार हाय?" त्यानं गिटारावर हात ठेवला. "मोडायला हात झाला न्हाय. म्हणून मुका केला. रतनला धरला तवा सांगनार व्हतो. तोंड उघडला न्हाय."

रतनला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण बारा वाजायला आले होते. त्यानं चुंबक हिसकावून घेतलं, जागेवर बसवलं, झाकण कसंबसं आवळलं. सदानं तार छेडली आणि खोपीची झापं थरथरली.

काळूराममास्तरांनी उभ्या उभ्याच ऐकलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी मान कोणी घडवली ते विचारलं, आणि कधी येतोस तेही विचारलं. सदा बापाकडे बघत राहिला.

"दोनची गाडी हाय की," कोंडाजी म्हणाला.

एसटीच्या थांब्यावर दिनानाथही गेला. फिर्याद कशी मिटवायची याचा वैताग डोक्यात होताच. गाडी सुटायला आली तशी सदानं पिशवीतून गिटार बाहेर काढलं आणि पेचकस बापाच्या हातात दिला.

"आबा, खाचा सरळ कर. मुंबईत कोनी डबी खोलली तर मना कळाया पायजे."

कोंडाजी खाली वाकला. डोळे भरले होते, खाच दिसत नव्हती, हात चाचपडत होता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. दिनानाथ गाडीपुढं जाऊन उभा राहिला, हात वर केला आणि सहावा स्क्रू सरळ होईपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.