गज वीतभर वर राहिला

ही घटना खरी आहे.

आणि रात्रीची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. भर दुपारची आहे. प्रत्येक वेळी भर दुपारचीच.

आष्टीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कय्युमभाईंचं दुकान आहे. शिलाई मशीन, फवारणीचे पंप आणि परवान्याच्या बंदुका, तिन्हीची दुरुस्ती. दुकान रोज उघडतं. निदान आज दुपारपर्यंत तरी उघडं होतं.

दारावर पत्र्याची पाटी आहे. कय्युमभाईंनी स्वतः ब्रशनं रंगवलेली.

*भरलेली बंदूक या उंबऱ्याच्या आत आणू नये.*
*भरलेली बंदूक या उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही.*

लोक हसायचे. कय्युमभाई हसायचे नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ सद्दाम याच दुकानात जिवानिशी गेला होता. गिऱ्हाईक म्हणालं, "रिकामीच हाय, बघ." सद्दामनं बघितलं.

तेव्हापासून पाटी.

गेल्या विधानसभेचा निकाल लागला आणि पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका लोकांना परत मिळू लागल्या. निवडणूक आली की आचारसंहितेत बंदूक जमा करावी लागते, रिकामी करून. डोंगरकडेच्या वस्तीवरचा गहिनीनाथ आपली बंदूक घेऊन दुपारी दुकानात आला. बापाच्या वेळची ठासणीची बंदूक, परवाना आता त्याच्या नावावर. ज्वारी निसवायला आली होती, कणसं बाहेर पडत होती, आणि रानडुकरांनी शेजारपाजारची रानं लोळवली होती.

"चाचा, घोडा जाम झालाय. जरा तेल बिल घाला."

"आधी गज टाकू दे."

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. भरलेली की रिकामी, बाहेरून कळत नाही. म्हणून गज आत सोडून बघतात. रिकामी असली तर गज तळाला जाऊन टण्ण वाजतो आणि त्याचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर येतं. भरलेली असली तर वाजत नाही. वर राहतो.

कय्युमभाईंनी गज सोडला.

धप्प.

गज वीतभर वर राहिला...

"भरलेली ठिवलीस का बे ठाण्यात?"

"म्या? तुमीच तर रिकामी करून दिली व्हती चाचा. ह्याच टेबलावर."

खरं होतं. कय्युमभाईंना आठवत होतं.

"मंग तू भरलीस."

"मला कुठं येतं भरायला! आबाच भरायचे. मी नुस्ता खांद्यावर न्यायचो."

"हां, ते बी खरंय. एकदा भरली व्हतीस न्हाई का... बोळा खाली अन् दारू वर! तुझा बाप काय हसलाय. म्हणला, माझं पोरगं डुकराला बसवून जेवाय घालंल, मारायचं न्हाई."

दोघंही हसले. मग कय्युमभाईंनी गजाला फिरकीचं टोक लावलं आणि बोळा बाहेर ओढला.

हसणं तिथंच थांबलं.

भरणं ज्याचं त्याचं असतं. कुणी कागद कोंबतं, कुणी गोणपाट. जुनी बंदूक उघडली की आधी कुणाचा हात फिरलाय ते कय्युमभाईंना कळायचं. हा बोळा पांढऱ्या धोतराच्या पट्टीचा होता. तिहेरी घडी, मधे नारळाचा काथ्या, वर बारीक गाठ.

असा बोळा एकच माणूस करायचा. गहिनीनाथचा बाप, अर्जुनराव.

अर्जुनरावांना अशाच पांढऱ्या धोतरात सरणावर ठेवून दोन वर्षं झाली होती.

धोतराच्या पट्टीच्या कडा... जळालेल्या होत्या.

"आबाची गाठ हाय ही," गहिनीनाथ हळूच म्हणाला.

कय्युमभाईंनी आतले छर्रे आणि दारू काढून बाजूला ठेवली. नळी साफ केली, गज सोडला.

टण्ण.

"ने. रिकामी हाय."

*बार काढल्यावर नळी गरम पाण्यानं धुवावी. दारूचा मळ लोखंड खातो. धुवायला उशीर करू नये. उशीर केला की*

आतल्या भिंतीवरच्या या दुसऱ्या पाटीवरचा पुढचा रंग उडालेला आहे.

आठवडा गेला असेल. गहिनीनाथ पुन्हा आला. बरोबर त्याची बायको वनमाला.

"घरात वाजली," ती म्हणाली.

"काय वाजलं, ताई?"

"बंदूक खुंटीला व्हती. मी सोप्यात डाळ निवडत बसलेली. दुपारची. घरात कुणी न्हाई. अन् आतून..."

ठक. ठक. ठक.

मग थांबून...

ठक.

"आबा असंच ठासायचे," गहिनीनाथ म्हणाला. "तीन, अन् दम खाऊन एक."

वनमाला खाली बघत होती. "मला कळायच्या आधी हातानं पदर डोक्यावर घेतला व्हता, भाईजान. सासरा घरात आल्यावर घेते तसा."

गज सोडला. वीतभर वर.

तोच बोळा. तीच गाठ. तीच जळकी कड.

कय्युमभाई फिरकी लावू लागले, तेव्हा त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. अर्जुनराव जिवंत असताना एकदा भरलेली बंदूक घेऊन दारात उभे राहिले होते. आत यायलाच तयार नव्हते.

"कय्युम, दुरुस्ती करायची तर भरलेलीच कर."

"कावून?"

"आमच्या रानात ही रिकामी न्यायची न्हाई."

"डुकरं यवढी मातलीत का?"

"डुकराचं कोण बोलतंय?"

एवढंच म्हणून म्हातारा माघारी फिरला होता. कय्युमभाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं. म्हातारी माणसं बोलतात.

"डुकरं कशी काय?" त्यांनी विचारलं.

गहिनीनाथचा चेहरा जरा उजळला. "तेच तर नवल! शेजारच्या शहादेवची ज्वारी साफ केली, अप्पांची केली. आपल्या रानात एक बी पाऊल न्हाई. पाखरू सुद्धा बसत न्हाई कणसावर. गोफण खुंटीलाच."

"पाखरू बी न्हाई?"

"न्हाई. तित्तर न्हाई, व्हले न्हाईत. कुत्रं बांधाच्या आत येत न्हाई. लई शांत." तो थांबला. "मधोमध जरा ज्वारी दबलीय. गोल. कुणी बसून उठावं तशी."

तिथं कय्युमभाईंनी थांबायला हवं होतं. ते बोळा ओढत राहिले.

टण्ण.

"ने. रिकामी हाय."

संक्रांत उलटल्यावर, तिसऱ्या वेळी गहिनीनाथ एकटा आला. दाढी वाढलेली, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. त्यानं बंदूक टेबलावर ठेवली नाही, छातीशी धरली.

"पुन्हा भरली?"

"हां."

"दे."

"चाचा... राहू द्या ना भरलेली."

कय्युमभाईंनी नुसतं पाटीकडं बोट केलं.

"मला ठावं हाय. सद्दामकाका बी ठावं हायेत. पर आइका. तुमी रिकामी केली, तवा ज्वारी मधोमध दबली. दुसऱ्यांदा केली, तवा ती दबलेली जागा सरकली. आता राखणीच्या माळ्याच्या खाली हाय. मी वर बसतो, अन् खाली ज्वारीची ताटं वाकत जात्यात. वारं न्हाई. दिसत काय बी न्हाई. नुस्तं... बसतंय."

"मंग जाऊ नको रानात."

"ज्वारी काढायला आली चाचा. वनमाला जाईल मी न्हाई गेलो तर."

"इकडं दे."

"आबा उगं भरत न्हाईत."

"गहिन्या, मेलेली माणसं भरत न्हाईत. मेलेली माणसं अशा भरलेल्या बंदुकीनं होत्यात. माझ्या समोर झालंय. दे."

चाचाला नाही म्हणायची गहिनीनाथला सवय नव्हती. त्यानं बंदूक दिली.

टण्ण.

जाताना उंबऱ्यावर थांबला. "मला भरायला तरी शिकवा. नीट. दारू खाली, बोळा वर."

"परवा ये. शुक्रवारची नमाज झाली की निवांत शिकवतो."

"परवा," गहिनीनाथ म्हणाला.

परवा आलाच नाही.

तो माळ्याखाली सापडला. उताणा. अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. भोवतीची ज्वारी दबलेली होती, गोल, आणि तो त्या गोलाच्या बरोबर मधे होता.

बंदूक हातात होती. चाप ओढलेला. घोडा पडलेला. घोड्याखालची तांब्याची टोपी फुटलेली.

नळी रिकामी.

त्यानं कशावर तरी नेम धरला होता. चाप ओढला होता. आणि आत काही नव्हतं.

महिनाभरानं वनमाला चादरीत गुंडाळलेली बंदूक आणि ठाण्याचा कागद घेऊन दुकानात आली. परवान्याचा मालक गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही. कागदपत्रं होईपर्यंत दुकानात जमा.

ती रडली नाही. एकच सांगितलं.

"त्या दुपारी बी वाजलं, भाईजान. खुंटी रिकामी व्हती. बंदूक ह्यांच्यासंगं रानात. तरी आतल्या खोलीत..."

ठक. ठक. ठक.

"मी वाट बघितली. चौथा आलाच न्हाई."

कय्युमभाईंनी बंदूक रॅकवर ठेवली. ती गेल्यावर त्यांनी गज सोडला.

टण्ण.

त्या दिवसापासून रोज दुकान उघडलं की पहिलं काम तेच. गज सोडायचा. टण्ण. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. टण्ण. अर्जुनरावांना आता कुणासाठी भरायचं उरलं नव्हतं.

कय्युमभाई मनात म्हणायचे, एकदा तरी वर राहा. एकदा. मी हात लावणार नाही.

टण्ण.

मग दिवाळीनंतर दुकानातल्या चिमण्या गेल्या.

पत्र्याखाली वर्षानुवर्षं घरटी होती. एका दिवसात सगळ्या गेल्या. घरटी तशीच.

मग मांजर येईना. उंबऱ्यापर्यंत यायचं, आत बघायचं, आणि पाठीवरचे केस ताठ करून...

गल्लीतली बोकडं भिंतीला अंग घासायची. ती पलीकडच्या बाजूनं जाऊ लागली.

लई शांत. गहिनीनाथचेच शब्द. कय्युमभाईंच्या डोक्यातून ते जाईनात.

त्यांची मुलगी सहर कॉलेजातून येताना रोज डबा आणते. मागच्या कोपऱ्यात रिकाम्या गोणपाटांची चवड आहे. त्या चवडीशेजारच्या स्टुलावर बसून ती अब्बांचं जेवण होईपर्यंत मोबाइल बघते.

काल तिनं विचारलं, "अब्बा, गोणपाटावर कोण बसलं व्हतं?"

चवड मधोमध दबलेली होती. गोल.

"मीच टेकलो असंल," ते म्हणाले.

ते टेकले नव्हते.

आज दुपारी जोहरची नमाज पढून ते परत आले. शटर खाली होतं. कुलूप काढायला वाकले, आणि आतून...

ठक.

बराच वेळ काही नाही.

ठक ठक.

अडखळत. सवय नसलेल्या हातानं ठासल्यासारखं.

ठक.

कय्युमभाई शटर अर्धं वर करून आत गेले. बंदूक रॅकवरच होती. त्यांनी गज सोडला.

धप्प.

वीतभर वर.

ते खाली बसले. रडूच आलं त्यांना. "भर," ते म्हणाले, "भर बेटा. मी न्हाई काढत. अल्लाची शपथ, न्हाई काढत."

पण डोळ्यांना सवय असते. बॅटरी लावून त्यांनी नळीत बघितलं. मग नळी जराशी तिरकी केली.

तळव्यावर काळी दारू सांडली.

तोंडाकडूनच. वरच होती. आणि तिच्या खाली, खोल, चुरगाळून कोंबलेला निळ्या चौकड्यांच्या शर्टाचा तुकडा. घडी नाही, गाठ नाही. कडा जळालेल्या.

बोळा खाली अन् दारू वर.

ही बंदूक उडणार नव्हती. चाप कितीही ओढला तरी उडणार नव्हती. गहिनीनाथला कुणी शिकवलंच नव्हतं.

"परवा ये म्हणलो व्हतो..."

नीट भरायची, तर आधी ती रिकामी करायला हवी. आणि रिकामी केली की काय होतं, ते कय्युमभाईंना आता ठाऊक होतं. न केली, तर ती अशीच. दोन्हीकडून सारखंच.

तेवढ्यात फोन वाजला. ठाण्यातून.

"कय्युमभाई, आचारसंहिता लागली बरं का. तुमच्याकडं जमा असलेल्या बंदुका बी इकडं आणायच्यात. उद्याच्याला."

"उद्या?"

"हां. अन् तुमाला काय सांगायचं... तेवढ्या रिकाम्या करून आणा."

फोन बंद झाला.

गज टेबलावर आहे. त्याला फिरकीचं टोक लावलेलं आहे. कय्युमभाईंनी ते लावलं कधी, त्यांना आठवत नाही. हाताला सवय आहे.

शटरच्या खालून सहरच्या चपला दिसतात. तिनं हाक मारली, "अब्बा, डबा आणलाय."

"बाहेरच थांब," ते म्हणाले.

"ऊन हाय अब्बा. येऊ दे ना आत."

मागच्या कोपऱ्यात काहीतरी हळूच दबलं...

त्यांनी वळून बघितलं नाही.

गोणपाटं दबली की कशी वाजतात, ते त्यांना ठाऊक होतं. हा आवाज गोणपाटांचा नव्हता. तो शेजारच्या, सहर रोज बसते त्या स्टुलाचा होता.