पाठमोरी

मास्तर गेल्यावरही काकू रोज सकाळी त्यांचे ब्रश धुवायच्या. वापरणारं कोणी नव्हतं, पण हाताची सवय सुटते थोडीच! मास्तरांनी जन्मभर चित्रं काढली आणि काकूंनी जन्मभर ब्रश धुतले. काम करताना मास्तरांचं बायकोशी बोलणं म्हणजे एकच वाक्य, "जरा सरक, उजेड अडतोय." त्यावरून काकू चारचौघांत नवऱ्याची थट्टा करायच्या. आता तेवढं ऐकायलाही त्यांचा जीव आसुसायचा.

मास्तर जगावेगळे. टेकडीची माती कुटून रंग करायचे, तळ्याकाठच्या झाडांशी माणसांसारखे बोलायचे. वाचनालयाच्या लांब भिंतीवर त्यांनी ते तळं काढलं, झाडं काढली आणि झाडीत शिरणारी एक पायवाट. गावात कोणी वारलं की मास्तर त्या घरी जाऊन बसायचे. फोटो मागायचे नाहीत. एवढंच विचारायचे, "चालायचे कसे?" मग ते माणूस पायवाटेवर यायचं, पाठमोरं. "चेहरा विसरतो आपण, चाल नाही विसरत," असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, एका खांद्यात कललेला नावाडी, तुरुतुरु जाणारी सुईण, लोक लांबूनच ओळखायचे आणि डोळे पुसायचे.

सगळ्यांना घेतलं, मास्तर तेवढे राहिले. काकूंच्या जिवाला हीच टोचणी. उद्या आपण जाऊ, त्या वाटेला लागू, आणि पुढे आपलंच माणूस नसेल. या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

मास्तरांच्या एका विद्यार्थिनीने मास्तरांना त्या वाटेवर काढलं. हातात रंगपेटी, त्या बाजूला झुकलेली चाल, अगदी हुबेहूब. दुसऱ्या दिवशी तिथे नुसती वाट होती. तिने पुन्हा काढलं. पुन्हा नुसती वाट.

"काकू, भिंत त्यांना धरतच नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. नंतर ती आली नाही.

मग काकूंनीच ब्रश उचलला. जन्मात पहिल्यांदा, मळवायला. चित्र वेडंवाकडं झालं, पण चाल मास्तरांचीच होती. सकाळी तेही गेलं होतं. ग्रंथपाल मात्र दारातच थांबले होते.

"काकू, नावाड्याला हात लावलात का तुम्ही?"

"मी कशाला लावू?"

"मग त्याचा गाल कसा दिसतोय?"

काकूंनी चष्मा पुसून पाहिलं. नावाड्याची मान वळली होती. पुढे सुईणीची वळली. हळूहळू अख्खी वाट मागे वळली. लोक वाचनालयाकडे फिरकेनासे झाले. ग्रंथपालांनी किल्ली काकूंच्या हातात ठेवली. "तुमच्या घरचं आहे, तुम्हीच बघा."

भर दुपारी काकू एकट्याच चित्रासमोर उभ्या राहिल्या. गेलेली सगळी माणसं समोर बघत होती. राग नव्हता, आनंदही नव्हता. चित्रासाठी बसवलेली माणसं चित्रकाराकडे बघतात, तशी ती बघत होती.

काकूंकडे नव्हे. त्यांच्या खांद्यावरून, मागे.

टर्पेंटाइनचा वास आला.

काकूंनी वळून पाहिलं नाही. "तुम्ही इथेच उभे राहणार का हो?" त्यांनी विचारलं. "आत येणारच नाही?"

डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज तेवढा आला.

कोणी सांगितलं नव्हतं, तरी काकू सवयीने बाजूला सरकल्या.

त्यांची सावली हटली, तशी वाटेच्या सुरुवातीला एक बाई दिसली. एकटी, पाठमोरी. अंगावर काकूंचीच तपकिरी शाल, खांद्यावर ब्रश पुसायचं फडकं. रंग अजून ओला होता.

काकूंनी आधी अंगावरची शाल चाचपली. मग त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांना हसूच आलं. बाई डावा पाय ओढत चालली होती. काकू तर या वयातही अशा ताठ चालायच्या, की ग्रंथपाल त्यांना गमतीने फौजदार म्हणायचे.

"चुकलात," त्या म्हणाल्या. "ही चाल माझी नाही."

किल्ली घेऊन त्या दाराकडे निघाल्या. फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज आला. त्या थांबल्या, आवाजही थांबला.

त्यांनी पुन्हा पाऊल उचललं. उजवं उचललं गेलं. डावं घासत आलं.