बेथानीच्या ऑर्गनवरचा आरसा

तेगवेनने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात.

बेथानी चॅपेलचा ऑर्गन व्यासपीठाच्या डाव्या अंगाला होता आणि वाजवणाऱ्याची पाठ सगळ्या मंडळीकडे. म्हणून ऑर्गनच्या माथ्यावर एक लहानसा आरसा लावलेला, पाळकसाहेब कधी उभे राहिले आणि कधी त्यांनी शास्त्र मिटलं ते दिसावं, एवढ्यासाठी. त्या रविवारी मार्चचा वारा खिडक्या खडखडवत होता. कशाने कोण जाणे, आरसा जरा कलला आणि पाळकसाहेबांच्या जागी तिला दाराजवळचा शेवटचा बाक दिसला. बाकावर एक अनोळखी तरुण. गुडघ्यावर टोपी, ओले केस कपाळाला चिकटलेले आणि डोळे... डोळे सरळ आरशात.

तेगवेनचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. गीत गाणारी सगळी मंडळी एक शब्द गाळून पुढे गेली.

मग पाळक बेननसाहेब प्रवचनाला उभे राहिले. आधी ते साधंच बोलत, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग कुठेतरी, हरवलेल्या मेंढराशी म्हणा, रिकाम्या कबरेशी म्हणा, त्या बोलण्याला हळूच सूर लागे. वाक्यं लांबत, चढत, वळसा घेऊन खाली उतरत... आणि पाठीत वाकलेला तो म्हातारा माणूस गाऊ लागे. बाकांमधून ‘आमेन’ उठे, ‘होय, होय’ उठे, आणि त्यावर पाय ठेवून सूर आणखी एक पायरी वर जाई. आमच्याकडे याला हुइल म्हणतात. हुइल लागला की तेगवेनचे डोळे आपोआप मिटत. त्या दिवशीही मिटले. उघडले तेव्हा आरशात दिसणारं प्रत्येक डोकं खाली झुकलेलं होतं, फक्त एक सोडून. तो तरुण टक्क जागा होता.

उपासना संपली. मागच्या खोलीत चहा आणि मनुकांचा पाव मांडला जाईपर्यंत तो निघूनही गेला होता.

“ऐकणारा आहे तो,” लोवरी मावशी किटलीवर टोपडं चढवत म्हणाली. आईमागे तेगवेनला तिनेच वाढवलं होतं आणि चॅपेलच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला असत.

“सगळेच ऐकतात, मावशी.”

“आपण प्रवचन ऐकतो. तो पाळक ऐकत होता. दाराशी बसला, डोळे मिटले नाहीत, चहाला थांबला नाही. बघ, मी सांगते.”

मावशीला जास्त सांगावं लागलं नाही. ज्या चॅपेलला पाळक नाही, ते दुसऱ्याचा पाळक गुपचूप ऐकायला माणूस पाठवतं, हे आमच्या डोंगरात पोराटोरांना ठाऊक. वरच्या वाडीच्या सालेम चॅपेलचा पाळक असाच एका वसंतात गेला. आज सालेमच्या बाकांवर लोकरीचे गठ्ठे आहेत. बेथानीत आता उरलेत किती जण... बेननसाहेब गेले तर दाराला कुलूप, आणि किल्ली मावशीच्या कमरेला उगाच.

पुढच्या रविवारी तेगवेनने आरसा स्वतःच्या हाताने कलवला. तो आला होता. शेवटचं गीत संपताच ती बाजूच्या दाराने पळतच फाटकाशी जाऊन उभी राहिली.

“चहाचं वावडं आहे का?”

तो दचकला. मग हसला. हसताना एक भुवई वर जायची त्याची, आणि तेच तिला जास्त संशयास्पद वाटलं.

“नाही. कुणी विचारलं नव्हतं.”

“आता विचारते. कुठून आलात?”

“खालून.”

“खाली पुष्कळ गावं आहेत.”

“हो ना. रस्ताभर लागतात.” त्याने टोपी हातात फिरवली. “मी एमलिन. दूधसंघाची लॉरी चालवतो.”

“रविवारी दूध गोळा करत नाहीत.”

“म्हणून तर यायला जमतं.”

“यायचं कशाला, ते विचारतेय मी.”

तो जरा घुटमळला. त्याची नजर चॅपेलच्या कबरस्तानावरून फिरली. नवी कोकरं भिंतीशी बागडत होती, डॅफोडिल अजून कळ्यांत होते. “आजीची बहीण... कात्रिन. इथेच पुरलीय ती. तिच्यासाठी येतो.”

“कुठली कबर?”

“ती... ती शेवाळलेली.”

“शेवाळलेल्या पुष्कळ आहेत,” तेगवेन म्हणाली, “रस्ताभर लागतात.”

तो पुन्हा हसला आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हसू येत होतं, म्हणून.

झावळ्यांच्या रविवाराआधीचा शनिवार म्हणजे आमच्याकडे कबरींचा दिवस. सारा गाव बादल्या, ब्रश आणि चुना घेऊन लोटतो. दगड घासायचे, कडा पांढऱ्या करायच्या, मग डॅफोडिलच्या पेंढ्या मांडायच्या. रविवारी सकाळी मेलेली माणसंही सणाला नटून बसल्यासारखी दिसतात. एमलिन बिचारा फुलांचा गुच्छ तेवढा ठेवून सटकायच्या बेतात आला होता. पण लोवरी मावशीने त्याच्या हातात बादलीच दिली.

“घे बाळा. कात्रिनबाईंवर किती वर्षांचं शेवाळ चढलंय ते बघतोयस ना.”

नाही कसं म्हणणार? तो गुडघ्यांवर बसला आणि घासू लागला. तेगवेन शेजारीच आईच्या कबरीला चुना लावत होती. तिचं लक्ष चुन्याकडे नव्हतं. आधी दगडावर जहाजाचा नांगर उगवला. मग अक्षरं... कॅप्टन. एमलिनचा हात मंदावला. “घास, घास,” मावशी म्हणाली. कॅप्टन ओवाइन पॅरी, आयुष्यभर दर्यावर, अखेर बंदरात.

तेगवेनने वाकून ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

“दर्यावर्दी होती वाटतं तुमची आजी,” तेगवेन म्हणाली. “दाढीही असेल.”

मावशी तोंडाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून बाजूला झाली. एमलिनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण पळाला नाही तो. ब्रश बादलीत टाकून उभा राहिला.

“मला हेब्रोनने पाठवलं होतं.”

हेब्रोन. खालच्या शहरातलं ते मोठं, दोन सज्ज्यांचं चॅपेल. तेगवेनला कळलेलंच होतं, तरी ते ऐकायचं नव्हतं.

“पहिल्या रविवारी पाठवलं होतं,” तो घाईने म्हणाला. “त्यानंतर कुणीच नाही पाठवलं.”

“आणि पहिल्या रविवारी घरी जाऊन काय सांगितलंत?”

“सांगितलं, की... आवाज गेलाय.”

“कुणाचा?”

“पाळकसाहेबांचा.”

तेगवेनच्या हातातून चुन्याचा कुंचला पडला. “बेननसाहेबांचा आवाज गेलाय? असं म्हणालात तुम्ही? चार माणसांत?”

“बाई, तुम्हाला राग कशाचा आलाय ते तरी ठरवा. ‘आवाज छान आहे, न्या त्यांना’ म्हणालो असतो तर?”

“दोन्हीचा,” ती म्हणाली. “खोटं का बोललात?”

त्याने चॅपेलच्या दाराकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. “हुइल लागला तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटणार होतो. पण आरशात तुमचा चेहरा... तुम्हाला मी दिसत होतो, म्हणजे मलाही तुम्ही दिसणारच ना. तो आवाज इथून उचलला, तर त्या चेहऱ्याचं काय, असं वाटलं... मग नाही जमलं.”

वाऱ्याने डॅफोडिल एकदम एकाच बाजूला लवले. तेगवेनला स्वतःच्या गालांचा भरवसा वाटेना, म्हणून तिने खाली वाकून कुंचला उचलला.

“खोटी आजी आणणाऱ्याचं बाकीचं खरं कसं मानू?”

“मानू नका. ईस्टरच्या सोमवारी हेब्रोनमध्ये मोठ्या सभा आहेत. यंदा प्रवचनाची पाळी बेथानीची, बेननसाहेब येणारच. मला पाठवणारी आमची वडीलमंडळी पुढच्या बाकांवर बसते. हुइल लागला की त्यांच्याकडे बघा. मी काय सांगितलं होतं ते त्यांच्या तोंडावरच दिसेल.”

तो गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. त्याचं खरं ठरायचं, तर हेब्रोनला तो आवाज ऐकू यायलाच हवा. आणि ऐकला, की ते त्या आवाजाला सोडणार नाहीत. कदाचित बेत हाच असेल. कदाचित भुवई वर करून हसणारी माणसं असंच बोलतात.

पवित्र आठवडाभर ती गुडघे टेकून प्रार्थना करत होती आणि प्रार्थनेची तिला लाजही वाटत होती. प्रभो, पाळकसाहेबांना थोडीशी सर्दी दे. फार नको. सोमवारपुरती.

सोमवारी एमलिनने दुधाचे कॅन उतरवून लॉरीत बाकडी टाकली आणि सगळी बेथानी खाली नेली. मावशी पुढे बसली. “कात्रिनबाई बऱ्या आहेत ना?” असं ती प्रत्येक वळणावर विचारत होती.

हेब्रोन गच्च भरलं होतं. नव्या टोप्या, कडक कॉलर, एकाचंही खोकणं नाही. डोंगरातल्यांना मागच्या सज्जात जागा मिळाली. बेननसाहेब त्या उंच व्यासपीठावर फारच लहान दिसत होते. ते बोलू लागले. रिकामी कबर, पहाट, प्रभूला शोधत बागेत रडणारी मरिया. बोलत राहिले, आणि नुसतेच बोलत राहिले. खालचे लोक सभ्यपणे ऐकत होते. बाकांतून एक उसासा नाही. म्हाताऱ्याचा आवाज पायरी शोधत होता आणि पायरी कुठे नव्हतीच.

मिळाली, तेगवेनच्या मनात आलं. मागितलेली सर्दी मिळाली.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की बेननसाहेब बेथानीचे राहणार. तिने पाहिलं, तर त्यांनी व्यासपीठाची कड धरली होती आणि त्यांची नजर वर सज्जाकडे आली होती. अंधारात घराचा दिवा शोधावा तशी. मरिया बागेत उभी होती आणि तिचं नाव घेऊन कुणीतरी तिला हाक मारायची बाकी होती...

“आमेन,” तेगवेन म्हणाली.

आपल्याच आवाजाने ती घाबरली. पण शेजारून मावशीचं ‘होय, होय’ आलं, मग मागून बेथानीच्या खाणकामगारांचे जाडेभरडे आवाज, आणि बेननसाहेबांनी त्यावर पाय ठेवला. ‘मरिये...’ ते म्हणाले, आणि तो शब्द बोललेला नव्हता, गायलेला होता. सूर चढत गेला. खाली एका कडक कॉलरवाल्याने ‘आमेन’ म्हटलं, मग दुसऱ्याने. शेवटी शेवटी कोण हेब्रोनचं आणि कोण डोंगरातलं, ते देवालाच ठाऊक.

तेगवेनने मात्र डोळे उघडे ठेवले. पुढच्या बाकांवर हेब्रोनची वडीलमंडळी बसली होती, आणि हुइल अगदी शिखरावर असताना त्या सगळ्या टकलांनी एकदम मान वळवली, तीही पुरुषांच्या बाकांकडे, एमलिनकडे. तो टोपीत तोंड घालून बसला होता. कान दिसत होते तेवढे पेटलेले होते.

खरं बोलत होता तर.

चहाच्या वेळी हेब्रोनच्या वडीलमंडळीचे प्रमुख बेननसाहेबांपाशी आलेच. आम्ही पाठवलेल्या मुलाने आवाज गेला असं सांगून फसवलं, म्हणाले, पण आता स्वतःच्या कानांनी ऐकलं, आमच्याकडे या. तेगवेनने हातातला कप बशीत ठेवून दिला.

“मुलगा खोटं बोलला नाही हो,” बेननसाहेब पाव चहात बुडवत म्हणाले. “या शहरात माझा आवाज नाहीच. सुरुवातीला तुम्ही ऐकलंत ना? निम्मा आवाज माझा, निम्मा माझ्या बाकांचा. आज बाकं सोबत आली म्हणून निभावलं. ती कायमची खाली आणायची, तर दुधाच्या लॉरीत मावायची नाहीत.”

मावशीने तिथल्या तिथे त्यांना दुसरा तुकडा वाढला, तोही परक्यांच्या ताटातला.

पुढच्या रविवारी तेगवेन लवकरच चॅपेलमध्ये आली. बोटं गरम करायला, असं तिने मावशीला सांगितलं होतं. आरशात शेवटचा बाक रिकामा होता. मग दार करकरलं.

“आता कशाला पाठवलं हेब्रोनने?” तिने वळून न बघताच विचारलं.

“ओळखलंत.” तो बाकांमधल्या वाटेने पुढे येत होता, आरशात मोठा मोठा होत होता. “फार रागावलेत माझ्यावर. म्हणाले, पाळक घालवलास, निदान त्यांची ऑर्गनवाली तरी आण. आमची बाई म्हातारी झालीय.”

तेगवेनची बोटं पट्ट्यांवरच थांबली. म्हणजे हे होतं. आरसा, चेहरा, सगळं... ऑर्गनसाठी. तिने आवाज शक्य तेवढा कोरडा केला.

“मग? काय सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, बघून आलोय. बोटं फार अडखळतात बाईंची. भलत्याच पट्टीवर पडतात. हेब्रोनला परवडायचं नाही.”

ती बघतच राहिली. आरशात नाही, वळून. टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती आणि भुवई या खेपेला जागच्या जागी होती.

“माझं नाव हेब्रोनमधून काढून घेतलंय मी,” तो हळूच म्हणाला. “आज बेननसाहेब सगळ्यांसमोर हात देणार आहेत. मंडळीत घेणार आहेत... तुमची हरकत नसेल तर.”

“हरकत आहे,” तेगवेन म्हणाली. “दाराजवळचा बाक पाहुण्यांचा आहे. तू पुढे बस. इथे, माझ्या मागे.”

“तिथून आरशात दिसेन का?”

“नाही.” तिने हात वर करून आरसा सरळ केला, किती आठवड्यांनी त्यात पुन्हा व्यासपीठ आलं. “पण बोट चुकलं, तर तू आहेस हे मला कळेल.”

त्या सकाळी पहिल्या गीतात ती दोनदा चुकली. मंडळीने मुकाट्याने सांभाळून घेतलं.