पाठ करून घेतलेलं उत्तर

धनेश परब पहिल्यांदा अभ्यासिकेत आला तो थेट अनुजाच्या पायावर पाय देऊनच.

“सॉरी हां मॅडम! आय डिडन्ट सॉ यू!”

“सी,” पाय चोळत अनुजा म्हणाली. “डिडन्टच्या पुढे सॉ नाही येत.”

“अहो, पाय दुखतोय तुमचा आणि चूक इंग्लिशची काढताय?”

ती हसली. हसायचं नव्हतं खरं तर!

डिलाईल रोडवर अनुजा राहायची त्या चाळीत मंडळाची अभ्यासिका होती. संध्याकाळी सहा ते सात अनुजा तिथे सगळ्यांच्या इंग्लिशच्या शंका सोडवायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, पण रुबाब पार हेडबाईंचा. चाळीत नवाच राहायला आलेला धनेश परळच्या एका हॉटेलात किचनमध्ये होता. त्याला क्रूझवर कुक व्हायचं होतं. हाताला चव अशी की विचारू नका, पण इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये! दोनदा आपटला होता बिचारा.

“‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टू इयर्स’ला काय झालं?”

“सिन्स म्हणजे कधीपासून, फॉर म्हणजे किती काळ. म्हण, आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स.”

“एवढं बोलेपर्यंत माझी फोडणी करपेल, मॅडम.”

रोज असंच. त्याच्या बोटांना लसणाचा वास यायचा आणि अनुजाला तो चक्क आवडायला लागला होता.

एकदा तो म्हणाला, “माय फादर एक्सपायर्ड…”

“एक्सपायर औषधं होतात,” ती फटकन बोलली. “माणसाला डाइड म्हणायचं.”

धनेशने पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, हा मानाचा शब्द असेल.”

अनुजाने वही मिटली. त्या दिवशी शिकवणी झालीच नाही. गॅलरीच्या कठड्याला टेकून तो वडिलांबद्दल बोलत राहिला… मराठीत, न अडखळता. आणि ती ऐकत राहिली. झालं! तिथेच ती गेली कामातून.

मग क्रूझवर माणसं पाठवणाऱ्या एजंटने त्याला बजावलं, “घरी लग्नाबिग्नाचं काही आहे असं वाटलं तर तुला घेणार नाहीत. पोरं अर्ध्यातून पळून येतात.” म्हणून अनुजानेच एक उत्तर तयार केलं. टेबलापलीकडे साहेबीणबाई होऊन बसली आणि विचारलं, “घरी तुमची वाट बघणारं कोण आहे?” अर्थात इंग्लिशमध्ये.

“ओन्ली माय मदर, मॅडम. नो वन एल्स.”

पहिल्यांदा तो अडखळला. दुसऱ्यांदा खाली बघून म्हणाला. तिने वीस वेळा म्हणवून घेतलं. विसाव्या वेळी त्याने सरळ तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, एक चूक नाही!

“परफेक्ट,” अनुजा म्हणाली. घरी आईने केलेल्या घावण्यांना तिने हातसुद्धा लावला नाही.

धनेश पास झाला. तो निघाला त्या सकाळी अख्खी चाळ गॅलऱ्यांत उभी होती. बॅगा घेऊन जिना उतरताना तो अनुजापाशी थांबला.

“मी तिथे खोटं बोललो,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“तू आहेस ना, अनुजा… म्हणजे मला…” पहिल्यांदाच मॅडम नव्हतं. तिचे कान गरम झाले. किती वाट पाहिली होती या एका वाक्याची!

तरी तिने विचारलंच. “नऊ महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपेल. परत इंटरव्ह्यू, परत हाच प्रश्न. तेव्हा माझं नाव सांगशील?”

धनेशने तोंड उघडलं… आणि खालून हाक आली.

“धनेशा, येतंस मा रे?” टॅक्सीत आई बसली होती. नवी साडी, मांडीवर लाडवांचा डबा. इतकी खूश ती कितीतरी वर्षांनी दिसत होती.

त्याने आईकडे बघितलं. मग अनुजाकडे. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. कुठल्याच भाषेतला.

“जा,” ती म्हणाली. “विमान सुटेल.”

टॅक्सी निघाली तेव्हा सगळ्या मजल्यांवरून हात हलले. धनेश खिडकीतून मान वर करून बघत होता, शोधत होता. अनुजानेही हात हलवला, शेजारच्या काकूंनी हलवला तसाच.