आपलंच घर समजा

हे खरं घडलेलं आहे. वाचून झाल्यावर 'बाई, गोष्ट छान रचलीत' असं सांगायला येऊ नका. मला रचता येत नाही. मी बालवाडीची बाई आहे.

आणि हे रात्रीचं नाही. गेल्या वर्षीचा डिसेंबर, रविवार, दुपारचे सव्वाचार. लख्ख ऊन पडलं होतं. शहराच्या कडेला नव्याने वसलेली रो-हाउसची कॉलनी. समोरासमोर दोन रांगा, एकसारखी चौदा घरं.

एक गोष्ट आधीच सांगते. माझी मोजणी चुकत नाही. सोळा वर्षं मी सहलीला मुलं नेते. चाळीस नेली तर चाळीसच परत आणली आहेत. ती सवय इतकी हाडात मुरली आहे की घरच्यांनाही मी मोजते. गाडीत बसलो की बोट फिरवायचं. नवरा एक, लेक दोन, सासूबाई तीन आणि मी चौथी. मगच गाडी हलायची. नवरा मला 'कंडक्टर' म्हणतो.

सासूबाईंना मी आई म्हणते. घर शोधत होतो ते त्यांच्यासाठीच.

आम्ही तेव्हा भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती आणि आईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. खाली उतरायचं म्हणजे नवऱ्याने एका बाजूने धरायचं, मी दुसऱ्या. मग त्या दिवसभर खिडकीत बसायच्या आणि खालून जाणाऱ्यांना हाका मारायच्या. बोलल्याशिवाय जिला घास उतरत नाही, त्या बाईवर ही वेळ.

"मला फार काही नको गं," म्हणायच्या. "दारात खुर्ची टाकून बसायचंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं निघालात?' विचारायचंय. त्यांनी थांबून उत्तर द्यायचं. बस."

म्हणून तळमजल्याचं घर. पण पसंती आईंची, आणि त्यांची पद्धत जगावेगळी.

"भिंती सगळीकडे सारख्याच. शेजार बघायचा." असं म्हणून त्या काठी टेकत जायच्या, कुठलंही दार वाजवायच्या आणि पाणी मागायच्या. दार किती उघडलं, पेला विसळून दिला का, 'बसा' म्हणाले का, सगळे मार्क मनात मांडायच्या. एका कॉलनीत एका बाईने जाळीच्या दारातून हात बाहेर काढून पेला दिला.

"नापास," गाडीत बसताच आई म्हणाल्या. "मी काय चोर आहे?"

तर तो रविवार. एजंटचा पत्ता नव्हता. 'पाच मिनिटांत पोचतो मॅडम' हे त्याचं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. आमची सहा वर्षांची टिल्ली मागच्या सीटवर झोपली होती. आई म्हणाल्या, "तोवर मी माझी परीक्षा घेऊन येते."

मी गाडीतून पाहत होते. त्या सात नंबरच्या दारापाशी गेल्या. कडी वाजवली.

दार उघडलं... अर्धंच.

आईंची पाठ दिसत होती. हसणं ऐकू येत होतं, बोलणं ऐकू येत होतं. सगळं आईंचंच. समोरच्याचा आवाज काही ऐकू आला नाही. पण आई बोलत असल्या की कुणाचाच ऐकू येत नाही, म्हणून तेव्हा मला काही वाटलं नाही.

निघताना त्या वळल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "या हं आमच्याकडे! अहो, विचारता काय? आपलंच घर समजा!"

आपण सगळेच म्हणतो असं. दहा जणांना म्हणतो, त्यातला एकही येत नाही.

आई खूश होऊन आल्या. "पैकीच्या पैकी! पेला काय लख्ख, पाणी काय गार! एकटीच असते बिचारी. सारखं विचारत होती, तुम्ही किती जण, किती जण. म्हटलं, चौघं. मग म्हणाली, 'खरंच येऊ का तुमच्याकडे?' म्हटलं, या की."

तेवढ्यात एजंट आला. घामाघूम, हातात किल्ल्यांचा जुडगा. सरळ सात नंबरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"हेच घर."

"अहो, हे कसं असेल? इथे बाई राहतात," मी म्हटलं.

"कोण बाई? तीन वर्षं बंद आहे मॅडम."

कुलूप गंजलेलं होतं. किल्ली फिरेना. नवऱ्याने गाडीतून तेल आणून दिलं, तेव्हा कुठे दहा मिनिटांनी ते निघालं.

आत धूळ. साधीसुधी नाही, फरशीचा रंग कळू नये इतकी. त्या धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आम्ही आत गेलो तेव्हा आमचीच पहिली.

एजंटने स्वयंपाकघरातला नळ फिरवला. नुसती हवा सुटली.

"लाइन कापलेली आहे. घर घेतलंत की जोडून देऊ."

मी ओट्याकडे पाहिलं.

एक स्टीलचा पेला... पालथा घातलेला.

लख्ख.

उचलला. खाली ओट्यावर पाण्याचं ओलं कडं होतं.

मी आईंकडे पाहिलं. त्या दाराची चौकट घट्ट धरून उभ्या होत्या.

"आई, कशी दिसत होती ती?"

"अशी..." त्यांनी हात वर केला, तसाच खाली घेतला. "चांगली होती गं. मला आता आठवत का नाहीये?"

आम्ही बाहेर आलो तर समोरच्या आठ नंबरमधून एका आजोबांनी हाक मारली. निवृत्त पोस्टमास्तर होते. आईंना उभं राहवत नव्हतं, म्हणून गाडीतून टिल्लीला उठवून आत गेलो. त्यांची बायको पाणी घेऊन आली.

ट्रेमध्ये पाच पेले होते.

एजंट केव्हाच निघून गेला होता. मी म्हटलं, "काकू, आम्ही चौघंच आहोत."

"हो का?" काकूंनी आईंच्या शेजारी पाहिलं. "मला वाटलं..."

काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी सोफ्याकडे पाहिलं. टिल्ली आणि मी एका टोकाला दाटीवाटीने बसलो होतो, आई दुसऱ्या टोकाला. मध्ये बरोबर एका माणसाची जागा रिकामी होती. ती आम्ही कुणी ठरवून सोडली नव्हती.

"सात नंबरमध्ये कोण होतं?" नवऱ्याने विचारलं.

पोस्टमास्तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "एक बाई होती. एकटी. कुणाकडे येणं-जाणं नव्हतं. म्हणजे... कुणी बोलावलंच नाही तिला. गेली तेही आम्हाला चार दिवसांनी कळलं."

"समोर राहून?" आई म्हणाल्या.

आईंनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "चला," म्हणाल्या. "ही कॉलनी नापास."

घरी येताना टिल्ली मागून कुरकुरत होती. "आई, आजीला सांग ना सरकायला. मी दारात चेपलेय."

मी वळून पाहिलं. आई त्यांच्या खिडकीशी होत्या, टिल्ली तिच्या. मध्ये हातभर सीट मोकळी होती.

पुढच्या रविवारी दुसरी कॉलनी. फाटकावर वॉचमन. त्याने गाडीत डोकावून वहीत लिहिलं. सही करायला वही माझ्याकडे दिली.

व्यक्ती... पाच.

"भाऊ, चार लिहा. मोजता येत नाही का?" मी बालवाडीतल्या आवाजात ओरडले. माझा तो आवाज भल्याभल्यांना गप्प करतो.

त्याने पुन्हा खिडकीतून आत पाहिलं. बोटाने मोजलं. मागच्या सीटच्या मध्यावर त्याचं बोट जरा थांबलं. मग त्याने पाच खोडून चार केलं आणि आम्ही परत जाईपर्यंत तो केबिनच्या बाहेर आला नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, बास झालं हे घर बघणं. तो म्हणाला, "आणि आईचे गुडघे?" मग मी पुन्हा घरांच्या जाहिराती चाळायला लागले.

तिसरी कॉलनी मार्चमध्ये पाहिली. झाडं, रुंद रस्ते, तळमजला, दारापुढे खुर्ची मावेल असा ओटा. आईंचा चेहरा इतका फुलला की मला भरून आलं. परीक्षा घ्यायला या वेळी आम्ही सगळेच बरोबर गेलो. त्यांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. शेजारची एक तरुण डॉक्टरीणबाई होती. दार पूर्ण उघडलं, 'बसा' म्हणाली, पेले विसळल्याचा आवाज आला. मी आतल्या दाराकडे डोळे लावून बसले होते.

ट्रे आला.

एक, दोन, तीन... चार.

चारच!

काय सांगू, माझ्या डोक्यावरून मोठं ओझं उतरलं. सुटलो एकदाचे! तिने नवऱ्याला पेला दिला. मला दिला. टिल्लीला दिला. चौथा पेला घेऊन ती सोफ्यापाशी गेली...

आणि आईंच्या शेजारी, रिकाम्या जागेपुढे ठेवला.

आईंनी हात पुढे केलेला होता. तो तसाच राहिला.

"अहो, माझ्या सासूबाई..." मी म्हटलं.

ती दचकली. "अय्या, आजी! सॉरी हं. मला दिसल्याच नाहीत." धावत जाऊन तिने पाचवा पेला आणला.

"होतं असं," आई हसून म्हणाल्या. "म्हातारी माणसं कुणाच्या लक्षात राहतात?"

मीही तेव्हा हसले. तळमजला होता, ओटा होता, आईंनी पास केलं होतं. आम्ही ते घर घेतलं.

पहिल्या दिवशी आईंनी ओट्यावर खुर्ची टाकली. सकाळी, संध्याकाळी त्या बसायच्या. "कुठं निघालात?" ऑफिसला जाणाऱ्यांना, शाळेच्या मुलांना, दूधवाल्याला. सुरुवातीला एखाददुसरा वळून पाहायचा, हवेत कुणी बोलल्यासारखं. महिन्याभराने तेही थांबलं.

दूधवाला त्यांच्या पायाशी पिशवी ठेवतो आणि मला हाक मारतो, "मॅडम, घरात कुणी आहे का?"

दवाखान्यात त्यांचा नंबर पुकारत नाहीत. मी जाऊन भांडते. "अहो, या बसल्यात ना समोर!" मग सगळ्यांना दिसतात. तेवढ्यापुरत्या.

"इथली माणसं शिष्ट आहेत गं," आई म्हणतात. पहिल्यासारखं मोठ्याने नाही. आता त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. माझ्या सासूबाईंचा!

आणि मध्येच कधीतरी स्वयंपाकघरात पालथा घातलेला एक पेला सापडतो. ओला. लख्ख. आमच्यातल्या कुणीच तो विसळलेला नसतो.

मी हे सगळं निभावून नेलं असतं. मी घाबरट नाही. पण गेल्या रविवारी जे झालं, त्याने माझी झोप उडाली आहे.

नणंदेकडे निघालो होतो. सगळे गाडीत बसलो. मी सवयीने बोट फिरवलं. एक, दोन, तीन आणि मी चौथी. बरोबर. गाडी निघाली. चौक ओलांडला, पेट्रोल पंप गेला. मग टिल्ली म्हणाली,

"आपण आजीला का नाही घेतलं?"

नवऱ्याने गाडी कशी वळवली ते मला आठवत नाही. आम्ही पोचलो तेव्हा आई ओट्यावर होत्या. चांगले कपडे घालून, काठी मांडीवर आडवी घेऊन, खुर्चीत बसलेल्या. मी त्यांच्यासमोरून दाराला कुलूप लावून गेले होते.

"मी हाका मारल्या गं," त्या म्हणाल्या. "तू माझ्याकडे बघितलंस पण. मला वाटलं, मुद्दाम..."

मी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले. टिल्लीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात ज्या बाईने रात्र-रात्र मला पंख्याने वारा घातला, तिला मी मोजलं नाही.

आता मी हात लावून मोजते. आधी आई, मग बाकीचे. त्यांच्याशी दिवसभर बोलते, शाळेतून फोन करते, काही नाही तर भांडण उकरून काढते. तरी परवा त्यांचं ताट वाढायचं राहिलं. चार ताटं मांडली होती मी... आणि आई भिंतीशी उभ्या होत्या.

त्या दिवशी गाडीतही मी चारच मोजले होते. मागच्या सीटवर माझं बोट दोनदा थांबलं होतं, हे मला नक्की आठवतंय. एकदा टिल्लीवर थांबलं. दुसऱ्यांदा कुणावर, ते काही केल्या आठवत नाही. चांगली होती, एवढंच वाटतं.

तुम्हाला एकच विनंती आहे. अशा एखाद्या कॉलनीतून जाताना कुठल्या ओट्यावर रिकामी खुर्ची दिसली, तर ती रिकामी समजू नका. जरा थांबा. कुणी दिसलं नाही तरी, ऐकू आलं नाही तरी, कुठं निघालात ते मोठ्याने सांगा.

आमच्या आई तिथे असतील. त्या तुम्हाला केव्हाच्या विचारताहेत.