न झिजणाऱ्या पिना

आपलं काम लोकांना समजावून सांगणं हे अपेक्षाला प्रबंधापेक्षा अवघड वाटायचं. "धातूवर धातू घासायचा, मध्ये तेल सोडायचं आणि किती झीज झाली ते मोजायचं," असं ती म्हणाली, की तिच्या गावच्या, सोयगावच्या मावश्या विचारायच्या, "म्हंजे भांडी घासायचंच की गं?" तिला हसू यायचं, कारण ते फारसं खोटं नव्हतं.

तिचं सगळं मात्र त्या घासण्यावरच अडलं होतं. आईनं घाण्यावरून आणून दिलेलं करडईचं तेल यंत्राला वंगण म्हणून चालतं, हे तिला सिद्ध करायचं होतं. पण चाचणीत फिरत्या तबकडीवर टेकवलेली धातूची पिन दर वेळी झिजायचीच. गाडेकर सर मार्गदर्शक असूनही म्हणायचे, "करडई फोडणीलाच बरी." आता शेवटच्या तीन चाचण्या उरल्या होत्या. त्या फसल्या, तर विषयच बदलायचा होता.

खंडेनवमीला कॉलेजात लेथपासून पान्ह्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अजिनाथकाकांना हौस भारी. त्यांनी डबीतल्या तिन्ही नव्या पिनांच्या टोकांनाही कुंकवाचे ठिपके लावले. पेढे वाटून झाल्यावर अपेक्षा ते ठिपके पुसायला बसली. पहिला अंगठ्यानं पुसला. अंगठा लाल झाला म्हणून दुसरा तर्जनीनं, तिसरा मधल्या बोटानं.

"ओ ताई! पूजेचं कुंकू कुणी पुसतं व्हय?" काका कळवळले. "आन् आज मशीन चालवायची नसती. आज तिला सुट्टी."

"तिला आहे काका, मला नाही!"

तिनं पहिली पिन बसवली. तबकडी फिरू लागली, गरम करडईचा वास सुटला. उतरवलेली पिन काट्यावर ठेवली आणि अपेक्षाचे डोळेच विस्फारले. झीज नव्हती. उलट वजन जरासं वाढलं होतं. तिनं पिन धुतली, वाळवली, पुन्हा तोलली. तेवढंच.

"बाळसं धरलं की हिनं!" काका म्हणाले. अपेक्षाला इतका आनंद झाला, की तिनं उरलेले पेढे एकटीनं संपवले.

जाताना हजेरीच्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही.

"तेलात हात घालून गुळगुळीत झाला असंल," काका म्हणाले. तिलाही तेच पटलं. दसरा झाल्यावर ऑफिसात तर्जनी नोंदवून घेतली आणि ती दुसऱ्या चाचणीला लागली. या वेळी सर स्वतः हजर होते. दुसरी पिनही वजनानं वाढली. काटा बिघडलाय म्हणावं, तर बाकीची वजनं तो बरोबर दाखवत होता. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. "करडईनं नाक राखलं बघ आपलं!"

चहाला निघताना मशीननं तर्जनीही घेतली नाही.

अपेक्षा खिडकीशी गेली. उजेडात हात धरला. अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. तर्जनीवरही नव्हती. दुखत काहीच नव्हतं. बोटं फक्त स्टीलच्या ताटासारखी गुळगुळीत होती.

तिनं पहिली पिन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. घासल्याचे सरळ ओरखडे दिसायला हवे होते. तिथं गोल गोल रेघा होत्या, एकात एक. मधोमध एक आडवा छेद होता.

लहानपणी विळीवर अंगठा कापला होता, त्याचा हा वण तिच्या ओळखीचा होता. आता अंगठ्यावर तोही राहिला नव्हता.

आता मात्र ती घाबरली.

काका मागेच उभे होते. "काय दिसतंय ताई?"

पिन घेऊन ती व्हरांड्यात गेली. स्वतःलाच वेड्यात काढत तिनं पिनेचं टोक हजेरीच्या काचेवर टेकवलं.

"थँक यू," मशीन म्हणालं.

पडद्यावर तिचं नाव आलं.

आत तबकडीची घरघर सुरू झाली. करडईचा वास व्हरांड्यापर्यंत आला.

"अपेक्षा!" सरांनी खुशीत हाक मारली. "तिसरी मीच लावून टाकली बरं का!"

तिनं मधलं बोट डाव्या मुठीत घट्ट आवळलं. ते गरम लागत होतं.